समोर कोण बसलं होतं?

(दृश्य : पट, वरून. काळा वजीर एच-२ वर टेकतो.)

बुद्धिबळाचा आजवरचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण? आधी हा डाव बघा. नऊ चाली. पांढऱ्याकडे बिल गेट्स, घड्याळात दोन मिनिटं. काळ्याकडे जगज्जेता मॅग्नस कार्लसन, अवघे तीस सेकंद. साल २०१४, टीव्हीचा कार्यक्रम.

सातव्या चालीला गेट्सने एच या कडेच्या पट्टीतलं प्यादं एक घर सरकवून उंटाला हुसकावलं. उंट हललाच नाही, उलट घोडा ई-५ वर आला. प्याद्याने उंट खाल्ला, दुसऱ्या घोड्याने ते प्यादं. आता एच-ची पट्टी उघडी, वजीर एच-५ वर, घोडा जी-४ वर. एच-२ ची राखण करत होता तो एफ-३ चा पांढरा घोडा. गेट्सने नेमका तोच उचलला आणि ई-५ वरचा घोडा मारला. मात.

डाव पाहायला झकास. पण कार्लसन किती मोठा, हे त्यातून काहीच कळत नाही.

(दृश्य : ऑपेरा हाउस, जुनं रेखाचित्र. मग पट.)

पॅरिस, १८५८. अमेरिकन उस्ताद पॉल मॉर्फीसमोर ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इसुआर, दोघं मिळून सल्लामसलत करत. सोळाव्या चालीला मॉर्फी वजीर देऊन टाकतो, सतराव्याला हत्तीने मात. काळ्याचा हा कोपरा बघा : राजाच्या बाजूचा उंट आणि हत्ती शेवटपर्यंत जागचे हललेले नाहीत. मॉर्फीचं मोठेपण सांगताना हाच डाव पुढे केला जातो. खरा पुरावा त्याच वर्षीच्या डिसेंबरातला आहे. युरोपातला अव्वल खेळाडू अडॉल्फ अँडरसनविरुद्ध सात विजय, दोन पराभव, दोन बरोबरी.

हौशी मंडळीही सगळी एका माळेचे मणी नव्हेत. चित्रकार मार्सेल द्युशाँ ऑलिंपियाडमध्ये फ्रान्सकडून खेळला. संगीतकार प्रोकोफिएव्हने १९१४ मध्ये पुढे जगज्जेता झालेल्या कापाब्लांकाला हरवलं, मात्र ते सायमलटेनियसमध्ये. तिथे उस्ताद एका पटावरून दुसऱ्यावर फिरत असतो, हौशी खेळाडू मात्र आपल्या एकाच पटाचा विचार करत बसलेला असतो.

(दृश्य : आकड्यांचा तक्ता.)

मग रेटिंगवरून ठरवायचं? खेळाडूच्या ताकदीला आकडा देणारी एलो पद्धत फिडेने, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने, १९७० मध्ये स्वीकारली. तिच्यात दोन खेळाडूंमधला फरक तेवढा बोलतो. फिशर १९७२ मध्ये २७८५, स्पास्की २६६०. अंतर १२५, म्हणजे शंभर डावांत फिशरला साधारण ६७ गुण मिळावेत. रेक्याविकला त्यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात एक डाव फिशर आलाच नाही. जे वीस प्रत्यक्ष खेळले गेले त्यांत त्याचे साडेबारा, म्हणजे साडेबासष्ट टक्के. हिशेब बऱ्यापैकी जुळतो, कारण दोघे एकाच काळातले. पण कार्लसनचे २०१४ मधले २८८२ घेऊन त्यातून फिशरचे २७८५ वजा केले, तर उत्तर ९७ येतं आणि त्याला अर्थ नसतो. दोघांचे प्रतिस्पर्धी वेगळे, त्यामुळे फूटपट्टीही वेगळी.

संगणकाकडून चुका मोजून घेणं जास्त शास्त्रीय वाटतं. गिड आणि ब्रात्को या संशोधकांनी २००६ मध्ये क्राफ्टी या प्रोग्रामवर जगज्जेत्यांचे डाव तपासले तेव्हा कापाब्लांका पहिला आला. यात गोम अशी की, जो पट सोपा ठेवतो त्याला चुकायला जागाच कमी मिळते. जगज्जेता तालसारखा गुंतागुंत ओढवून घेणारा खेळाडू या मापात आपोआप मागे पडतो.

(दृश्य : सेव्हिल, १९८७. पडदे, घड्याळ, दोन माणसं.)

म्हणून आमचं बोट कास्पारोव्हकडे जातं. कारण समोर कार्पोव्ह होता. १९८४ ते १९९० मध्ये जगज्जेतेपदाचे पाच सामने, १४४ डाव. कास्पारोव्ह २१, कार्पोव्ह १९, बरोबरी १०४. इतक्या तुल्यबळ माणसाला इतकी वर्षं थोपवून धरणं दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेलं नाही.

सेव्हिलला तेविसावा डाव हरून जगज्जेता कास्पारोव्ह एका गुणाने मागे. चोविसावा जिंकला तर बारा-बारा, आणि बरोबरीत किताब जगज्जेत्याकडेच राहणार. तरी सुरुवात एकदम शांत, सी-चं प्यादं दोन घरं. हल्ला नाही, फक्त दाब. कार्पोव्हचा वेळ संपत आला आणि एक प्यादं गेलं. डाव तहकूब. दुसऱ्या दिवशी पटावर वजीर-उंट विरुद्ध वजीर-घोडा.



(दृश्य : चौसष्टावी चाल. कार्पोव्ह हात पुढे करतो. आवाज बंद.)