दोन ओट्यांमधले देणेघेणे

मित्रहो, क्लिंट ईस्टवूड यांनी दिग्दर्शित केलेला आणि प्रमुख भूमिकाही त्यांनीच केलेला ‘ग्रॅन टोरिनो’ हा चित्रपट २००८ च्या डिसेंबरात अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा ईस्टवूड ७८ वर्षांचे होते. या चित्रपटाची ओळख करून देताना बहुतेक जण सांगतात, की परक्यांचा तिरस्कार करणारा एक म्हातारा शेजारच्या आशियाई कुटुंबाच्या सहवासात बदलतो आणि शेवटी त्यांच्यासाठी प्राण देतो. प्राण देतो हे खरे आहे. पण तो बदलतो, हे मला मान्य नाही. वॉल्ट कोवाल्स्की अखेरच्या दिवसापर्यंत तीच शिवराळ भाषा बोलतो, जगाविषयीची त्याची मते जवळजवळ जशीच्या तशी राहतात, आणि ती बदलावीत असा आग्रह पटकथाही धरत नाही. शेजाऱ्यांशी त्याचे देणेघेणे मात्र सुरू होते, आणि एकदा सुरू झालेले देणेघेणे त्या हेकट माणसाला अर्ध्यावर सोडता येत नाही. आजचे माझे बोलणे या हिशेबाविषयी आहे. त्यात काय जमेस धरले गेले आणि काय राहून गेले, याविषयी आहे.

आधी जागा पाहू. कथा घडते ती मिशिगन राज्यातील हायलंड पार्कमध्ये. चहूबाजूंनी जवळजवळ डेट्रॉईटनेच वेढलेले हे छोटे शहर मोटार उद्योगाची जन्मभूमीच म्हणता येईल. हेन्री फोर्ड यांचा कारखाना इथे १९१० मध्ये सुरू झाला, १९१३ मध्ये सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडण्याची पद्धत याच कारखान्यात रुळली आणि १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर मजुरीची घोषणा झाली, तेव्हा कामगारांची रीघ लागली. त्या कामगारांत युरोपातून आलेले पोलिश मोठ्या संख्येने होते. शेजारचे हॅमट्रॅमक हे गाव तर कित्येक दशके पोलिश वस्ती म्हणूनच ओळखले जाई, आणि आज तिथे बांगलादेशी व येमेनी कुटुंबे मोठ्या प्रमाणावर राहतात. हायलंड पार्कची लोकसंख्या १९३० मध्ये ५० हजारांवर होती. २०१० च्या जनगणनेत ती १२ हजारांच्याही खाली आली. कारखाने गेले, गोरे कामगार उपनगरांत गेले, आणि रिकाम्या घरांत नवे लोक आले.

वॉल्ट मागे राहिला आहे. तो पोलिश वंशाचा, कॅथलिक, कोरियाच्या युद्धात लढलेला आणि फोर्डच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. चित्रपट सुरू होतो तो त्याच्या पत्नीच्या अंत्यविधीने. त्याच्या गॅरेजमध्ये फोर्डची १९७२ ची हिरवी ‘ग्रॅन टोरिनो’ मोटार आहे, जिचा स्टीअरिंग कॉलम त्याने त्या वर्षी कारखान्यात स्वतःच्या हातांनी बसवला होता. आणि थोरला मुलगा जपानी मोटारी विकतो. बापलेकांमध्ये काय बिनसले आहे हे सांगायला पटकथेला आणखी फारसे काही लागत नाही. एक गोष्ट वॉल्टला स्वतःला आठवत नाही, पण चित्रपटाला आठवते: तोही स्थलांतरितांच्याच घरातला आहे. इटालियन वंशाचा न्हावी मार्टिन आणि तो एकमेकांना वंशावरून यथेच्छ शिव्या घालतात, तेव्हा कधीकाळी या शिव्या खऱ्याखुऱ्या द्वेषाच्या होत्या, हे विसरता येत नाही. दोन पिढ्यांत त्या सलगीच्या झाल्या. म्हणजे थट्टेत मोडण्याइतके जुने होण्याची संधी पोलिशांना आणि इटालियनांना मिळाली. नव्या शेजाऱ्यांना ती अजून मिळालेली नाही.

हे नवे शेजारी ह्मोंग, म्हणजे लाओसच्या डोंगरांतून आलेल्या समाजाचे आहेत. दोन्ही घरांना पुढे ओटा आहे. इकडच्या ओट्यावर वॉल्ट बिअर पीत बसतो आणि तिकडच्या ओट्यावर शेजाऱ्यांची आजी. दोघेही आपापल्या भाषेत एकमेकांविषयी पुटपुटतात, एकाचे दुसऱ्याला कळत नाही, आणि तो थुंकतो तेव्हा ती त्याच्याहून जोरात थुंकून दाखवते. संपूर्ण चित्रपटात वॉल्टच्या तोडीस तोड उतरणारे पात्र कोणते असेल तर ते ही आजी, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आता देण्याघेण्याकडे येऊ. शेजाऱ्यांच्या घरातला किशोरवयीन मुलगा थाओ चुलतभावाच्या टोळीच्या दबावाखाली वॉल्टची मोटार चोरायला जातो आणि फसतो. पुढे टोळी त्याला घरातून ओढून नेऊ पाहते, झटापट वॉल्टच्या हिरवळीवर येते, आणि वॉल्ट युद्धातल्या बनावटीची रायफल घेऊन बाहेर पडतो. त्याला थाओला वाचवायचे नसते, त्याला हिरवळ वाचवायची असते. परंतु ह्मोंग वस्तीच्या लेखी त्याने मुलगा वाचवला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या पायऱ्यांवर फुले, रोपे आणि शिजवलेल्या अन्नाची भांडी येऊन पडू लागतात. तो ती फेकून देतो, नको म्हणतो, ती पुन्हा येतात. मग थाओची आई आणि बहीण स्यू त्याला घेऊन येतात: चोरीच्या प्रयत्नाने घराला कमीपणा आला आहे, तेव्हा त्याने काम करून तो फेडला पाहिजे. वॉल्ट हेही नाकारतो, आणि त्यांच्या दृष्टीने नकार हा अपमान असल्याचे कळल्यावर नाइलाजाने त्याला समोरची पडकी घरे दुरुस्त करायला लावतो.

इथे पटकथाकार निक शेंक यांनी एक फार चांगली गोष्ट केली आहे. प्रेम, सहिष्णुता, माणुसकी यांविषयी कोणी वॉल्टशी बोलते, तेव्हा तो ऐकत नाही. तरुण पाद्री फादर जॅनोविच तेच बोलायला येतो आणि दारातून परत पाठवला जातो. पण उपकार झाला तर फेडायचा, अपराध झाला तर भरून द्यायचा, अवजार उसने नेले तर परत आणायचे, ही भाषा कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला अचूक कळते. पत्नीने मरण्यापूर्वी पाद्र्याकडून वचन घेतले होते, की याच्याकडून पापांची कबुली घ्यावी. वॉल्ट शेवटी कबुली देतो तेव्हा काय सांगतो? कारखान्यातल्या नाताळच्या मेजवानीत दुसऱ्या स्त्रीचे चुंबन घेतले. होडी विकून ९०० डॉलर नफा झाला, त्यावर कर भरला नाही. आणि दोन्ही मुलांशी कधी जवळीक साधता आली नाही. पाद्री चकित होतो, कारण युद्धाविषयी त्यात एक शब्द नाही.

युद्धाची कबुली तो नंतर देतो, आणि ती थाओला. सूडासाठी पेटलेल्या त्या मुलाला तो तळघरात कोंडतो आणि दाराच्या जाळीतून सांगतो, की कोरियात शरण येऊ पाहणाऱ्या, तुझ्याच वयाच्या पोराला मी गोळी घातली होती. कॅथलिक चर्चमधल्या कबुलीच्या खोलीतही पाद्री आणि पापी यांच्यात जाळीच असते. दिग्दर्शक त्याकडे बोट दाखवत नाही, संगीत वाढवत नाही, कॅमेरा रेंगाळू देत नाही. ईस्टवूड यांच्या दिग्दर्शनाचा हा संयम मला त्यांच्या अभिनयापेक्षा, विशेषतः या चित्रपटातल्या त्या सततच्या गुरगुरण्यापेक्षा, कितीतरी मोलाचा वाटतो. ज्या आशियाई चेहऱ्याचे देणे त्याच्या डोक्यावर पन्नासहून अधिक वर्षे होते, त्याच्यासारख्याच दुसऱ्या चेहऱ्यापुढे तो ते मांडतो. पण तो चेहरा कोंडलेला आहे, आणि त्याला ऐकण्यावाचून दुसरा मार्ग नाही, हेही नजरेआड करून चालणार नाही.

शेवटाविषयी थोडक्यात. थाओच्या गालावर टोळीने सिगारेटचा चटका दिल्यावर वॉल्ट त्यांच्यातल्या एकाला घरी जाऊन बडवतो, आणि त्याचे उट्टे म्हणून टोळी शेजाऱ्यांच्या घरावर गोळ्या झाडते व स्यूवर बलात्कार करते. बंदुकीच्या धाकाने प्रश्न सोडवणारा नायक ईस्टवूड यांनी अनेक वर्षे साकारला होता. इथे त्या धाकाची किंमत दुसऱ्याने मोजली, हे चित्रपट स्पष्टपणे मान्य करतो. म्हणून शेवटच्या रात्री वॉल्ट टोळीच्या दारात नि:शस्त्र जातो, साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खिशातला लायटर बाहेर काढतो, आणि त्यांनी झाडलेल्या गोळ्यांमुळेच टोळी तुरुंगात जाते. मृत्युपत्रात घर चर्चला मिळते आणि मोटार थाओला, तीही छत कापायचे नाही, ज्वाळा रंगवायच्या नाहीत अशा अटींवर. त्या अटींची भाषा इतकी खवचट आहे, की मेल्यावरही हा गृहस्थ सुधारलेला नाही याची खात्री पटते.

इथपर्यंत हिशेब चोख आहे. पण ज्या वहीत तो मांडला आहे, ती वॉल्टची आहे, आणि म्हणून काही नोंदी तिच्यात येतच नाहीत.

पहिली नोंद लाओसची. आपण कोण, कुठले, हे स्यू वॉल्टला मोटारीत बसून दोन-चार वाक्यांत सांगते: ह्मोंग हा देश नव्हे, लाओस, थायलंड आणि चीनच्या डोंगरांतला समाज आहे, व्हिएतनाम युद्धात आम्ही तुमच्या बाजूने लढलो आणि तुम्ही निघून गेल्यावर कम्युनिस्टांनी आम्हाला मारायला सुरुवात केली. हा संवाद खरा आहे, पण फार आखूड आहे. १९६२ च्या जिनिव्हा कराराने लाओस तटस्थ ठरला होता, त्यामुळे अमेरिकेला तिथे उघडपणे सैन्य उतरवता येत नव्हते. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने जनरल वांग पाओ यांच्या नेतृत्वाखाली ह्मोंग तरुणांची फौज उभी केली, जिच्यात पुढे मिसरूडही न फुटलेली मुले भरती झाली. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. मे १९७५ मध्ये या फौजेचा लाँग टिएंग इथला तळ पडला, वांग पाओ आणि थोडे लोक विमानाने निघाले, आणि बाकीचे हजारो मेकाँग नदी ओलांडून थायलंडमधल्या छावण्यांत पोहोचले किंवा वाटेत मेले. तिथून ते कॅलिफोर्निया, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन इथे आले. या सैनिकांची स्मृतिशिळा आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत बसली ती १९९७ मध्ये; आणि त्या सैनिकांना नागरिकत्वासाठी इंग्रजीच्या परीक्षेतून सूट देणारा कायदा झाला २००० मध्ये, म्हणजे लढाई हरल्यावर २५ वर्षांनी.

याचा अर्थ असा, की वॉल्ट आणि त्याचे शेजारी एकाच सैन्याच्या दोन बाजूंना उभे होते. अमेरिकेसाठी आशियात लढलेला म्हातारा एका ओट्यावर आहे, आणि समोरच्या ओट्यावरच्या आजीच्या पिढीतले पुरुष अमेरिकेसाठीच आशियात मेले आहेत. आपल्यावर उपकार झाला म्हणून अन्नाची भांडी आणणाऱ्या या लोकांचे मूळ देणे अमेरिकेकडेच बाकी आहे. दोन जुन्या सैनिकांनी समोरासमोर बसावे, असा एकही प्रसंग पटकथेत नाही. शेजारच्या घरात प्रौढ पुरुषच ठेवलेला नाही, म्हणजे बापाची जागा वॉल्टसाठी मोकळी राहते. (जाता जाता: ‘दोष द्यायचा तर लुथरन (एका प्रोटेस्टंट पंथाच्या) लोकांना द्या, त्यांनी आम्हाला इथे आणले,’ अशा आशयाचे स्यूचे वाक्य मूळचे मिनेसोटाचे आहे. शेंक तिथलेच, आणि कथाही आधी तिथेच घडत होती. मिशिगनच्या करसवलतीमुळे ती डेट्रॉईटला आली.)

दुसरी नोंद हायलंड पार्कचीच आहे. जून १९८२ मध्ये याच शहरात व्हिन्सेंट चिन या २७ वर्षांच्या चिनी वंशाच्या तरुणाला, त्याच्या लग्नाला काही दिवस उरले असताना, बेसबॉलच्या बॅटने मारहाण झाली आणि चार दिवसांनी तो मरण पावला. मारणाऱ्यांपैकी एक क्रायस्लरच्या कारखान्यातील पर्यवेक्षक होता, दुसरा त्याचा सावत्र मुलगा, ज्याची मोटार उद्योगातली नोकरी गेली होती. जपानी मोटारींनी डेट्रॉईटचे कारखाने बंद पाडले, हा तेव्हाचा राग. चिन जपानी नव्हता. न्यायाधीशाने दोघांना तुरुंगाऐवजी तीन वर्षांची परिवीक्षा (देखरेखीखालची मोकळीक) आणि प्रत्येकी ३,००० डॉलर दंड एवढी शिक्षा दिली, आणि आशियाई वंशाचे अमेरिकन लोक देशभर संघटित होण्यास या निकालाने मोठी चालना मिळाली. जपानी मोटारींचा द्वेष करणारा, सर्व आशियाई चेहरे एकाच शिवीत गुंडाळणारा, हायलंड पार्कचा मोटार कामगार नायक म्हणून उभा करताना हे नाव उच्चारलेच पाहिजे होते असे मी म्हणणार नाही. परंतु वॉल्टच्या शिव्या म्हणजे एका खडूस म्हाताऱ्याची लकब, असे मानून हसता येते ते हे नाव ठाऊक नसल्यामुळेच.

आणि लोक हसले. सुमारे २७ कोटी डॉलरची जागतिक कमाई करणाऱ्या या चित्रपटात थाओची भूमिका मिनेसोटातील बी वांग या शाळकरी ह्मोंग मुलाने केली होती. हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपटात ह्मोंग नटांना महत्त्वाच्या भूमिका मिळण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि समाजात त्याचा आनंदही झाला. विधी, पेहराव आणि रीतिरिवाज यांची सरमिसळ झाली, टोळीबाज मुलांचेच चित्र गडद झाले, असे आक्षेपही समाजातून आले. बी वांगची तक्रार अधिक खोल आहे. भरल्या चित्रपटगृहात शिव्यांवर उठणारे हसू आपल्याला अस्वस्थ करत होते, असे तो पुढे सांगत राहिला. आणि २०२१ मध्ये, कोरोनाच्या साथीत आशियाई वंशाच्या लोकांवर हल्ले होत असताना त्याने लिहिले, की या चित्रपटाने आशियाईविरोधी वंशद्वेष विनोदाच्या नावाखाली सर्वांच्या अंगवळणी पाडला.

हा आक्षेप मला संपूर्णपणे पटतो असे नाही, कारण शिवी आणि शेजारधर्म एकाच माणसात नांदू शकतात हे या चित्रपटाचे निरीक्षण खरे आहे, आणि ते पुसले तर वॉल्ट हा केवळ उपदेशाचा पुतळा उरतो. मात्र न्हाव्याच्या दुकानातला प्रसंग पाहा. ‘पुरुषासारखे बोलायला’ शिकवण्यासाठी वॉल्ट थाओला तिथे नेतो, आणि शिकवतो ते शिव्या देणे. बांधकामावर नोकरी मिळवण्यासाठी ती भाषा थाओला उपयोगी पडते, म्हणजे या देशात आत येण्याचे शुल्क काय आहे हे त्याला समजते. पण त्या दुकानात वॉल्टला उद्देशून एक शिवी थाओने मनापासून हासडली असती तर दोघे म्हातारे हसले असते का, हे पटकथा पाहू देत नाही.

डेट्रॉईटच्या ट्रॉय, नोव्हाय, कँटन या उपनगरांत मोटार उद्योगात अभियंते म्हणून गेलेली बरीच मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्या मुलांनी हा चित्रपट पाहिला तर ती कोणत्या ओट्यावर बसतील, याचा विचार करण्यासारखा आहे. त्यांना वॉल्टचा पट्ट्यावरचा अभिमान कळेल, कारण घरात तीच चर्चा असते. आणि चेहरा मात्र समोरच्या घराकडे जाईल. मला वाटते, त्यांना सर्वांत जवळची वाटेल ती स्यू: दोन्ही भाषा बोलणारी, म्हाताऱ्याच्या शिवीला तिथल्या तिथे उत्तर देणारी, त्याला जेवायला बोलावून दोन्ही ओट्यांमधले देणेघेणे खऱ्या अर्थाने सुरू करणारी मुलगी. पटकथेचा निम्मा भार ती वाहते, तिच्यावरच्या अत्याचारामुळे शेवट घडतो, आणि त्यानंतर तिला बोलायला जवळजवळ काहीच मिळत नाही. मृत्युपत्रातही तिचे नाव नाही.