लिंबाची मोसंबी

नमस्कार श्रोतेहो. मी पॅथॉलॉजिस्ट. माझ्याकडे पेशंट येत नाही, त्याच्या गाठीचा तुकडा तेवढा येतो. पण त्या दिवशी फॉर्मलिनच्या, म्हणजे तुकडा टिकवायच्या औषधाच्या, बाटलीमागोमाग बापही आला. अमळनेरकडचा शेतकरी, मुलगा आठ वर्षांचा, गाठ पोटात. म्हणाला, "साहेब, आठ दिनमा लिंबूनी मोसंबी व्हई गयी."

तो वाढवून सांगत नव्हता. गाठ निघाली बर्किट लिम्फोमाची, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका कॅन्सरची. त्याच्या पेशी एकदोन दिवसांत दुप्पट होतात. युगांडात काम करणाऱ्या डेनिस बर्किट या आयरिश सर्जनने १९५८ साली मुलांच्या जबड्यातल्या अशा गाठींवर लिहिलं, त्यांचंच हे नाव. मायक्रोस्कोपखालच्या काचेवर जांभळ्या पेशींची दाट गर्दी, मधेच मेलेल्या पेशी गिळून फुगलेल्या फिकट पेशी. रात्री कपाशीला पाणी देताना वर दिसतं तसं आभाळ. आम्ही त्याला चांदण्यांचं आभाळच म्हणतो. सुंदर दिसतं, काय करणार!

आता गंमत बघा. पेशी जितक्या घाईने एकीच्या दोन होते, तितका केमोथेरपीचा घाव तिच्यावर नेमका बसतो. म्हणून इतका आक्रमक आजार असूनही वेळेत नीट उपचार मिळाले, तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. उपचार काही महिन्यांचे, पण कडक. मेंदूकडे आजार जाऊ नये म्हणून पाठीच्या मणक्यातूनही औषध देतात. खरा धोका पहिल्या आठवड्यात. पेशी एकदम मरतात, त्यांच्यातलं युरिक ॲसिड, पोटॅशियम रक्तात उतरतं आणि किडनी बंद पडू शकते. म्हणून केमोच्या आधीपासून सलाईन, युरिक ॲसिड उतरवणारं औषध आणि रोज, कधी दिवसातून दोनतीनदा रक्त तपासणी. हे घरून येऊन-जाऊन होत नाही.

आपल्याकडे गाठ दिसली की टीबीच्या गोळ्या सुरू. टीबी असतोही पुष्कळदा, पण तुकडा तपासल्याशिवाय नको. स्टेरॉईड तर मुळीच नको. गाठ तात्पुरती विरते आणि आम्हाला काचेवर काही कळत नाही. खर्चाचं म्हणाल, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत.

बाप म्हणाला, "अखाजी झाली की मुंबईला नेतो." अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बारा दिवस होते. मी म्हटलं, दादा, आजच्या रात्रीच्या गाडीनेच निघा. काचा कापसात गुंडाळून दिल्या, गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक डबीत घातला आणि बजावलं, मे महिना आहे, डबी उन्हात ठेवू नका, मेण वितळेल. त्याने ती पाण्याच्या मडक्याला टेकवून नेली.