एका गुणसूत्राचा फरक
(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आत येताना एका ताईंनी मला दारातच गाठलं. सोबत सात-आठ वर्षांचा मुलगा, त्याला डाऊन सिंड्रोम. त्यांनी विचारलं, "सर, माझं काय चुकलं हो?" आधी त्याचंच उत्तर देतो. ताई, तुमचं काहीही चुकलं नाही. गुणसूत्र म्हणजे पेशीतलं जनुकांचं गाठोडं. बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होताना एकविसाव्या गुणसूत्राची जोडी सुटी होत नाही आणि दोन्ही एकाच बीजात जातात. म्हणून मुलाच्या पेशीत दोनाऐवजी तीन येतात, हाच डाऊन सिंड्रोम. ग्रहण पाळलं नाही, पपई खाल्ली, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. घरात कुणी बोल लावत असेल तर त्यांना माझ्याकडे पाठवा.

१९५९ मध्ये जेरोम लेजन आणि सहकाऱ्यांनी हे जादा गुणसूत्र दाखवून दिलं. त्यासाठी पेशी वाढवल्या होत्या मार्थ गोतिए यांनी. त्यांचं नाव फार वर्षं मागे राहिलं, म्हणून मुद्दाम घेतो.

आता हे जादा गुणसूत्र पेशीत नेमकं काय करतं, हे कसं ओळखायचं? या मुलाच्या पेशी माझ्या पेशींशी ताडून पाहिल्या, तर फरक हजारो निघतील. त्यातला एकविसाव्याचा कुठला? दोन वेगळ्या मागांवरच्या चादरी शेजारी ठेवल्या तर सूत वेगळं, रंग वेगळा, विणणारा हातही वेगळा. बीम तोच, सूत तेच आणि नक्षी ठरवणारा जकार्डचा एकच पत्ता बदललेला, असं असेल तरच त्या पत्त्याची करामत कळते.

पेशींमध्ये हे साधता येतं. १९७७ मध्ये फुर्निए आणि रडल या शास्त्रज्ञांनी त्याची वाट दाखवली. एकच मानवी गुणसूत्र, आपल्यासाठी एकविसावं, बाळगणारी उंदराची पेशी घ्यायची. त्या गुणसूत्रावर आधीच एक खूण बसवलेली असते, विशिष्ट औषधाला दाद न देणारं जनुक. पेशीला कोल्सेमिड नावाचं रसायन दिलं की गुणसूत्रं ओढून नेणारे धागे तयारच होत नाहीत. मग विखुरलेल्या गुणसूत्रांभोवती वेगवेगळी पातळ आवरणं धरतात. सूक्ष्मदर्शकाखाली एका पेशीत डाळिंबाचे दाणे भरल्यासारखी इवलीइवली केंद्रकं दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ डोळा हलवला नव्हता. पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवल्या की हे दाणे सुटून बाहेर येतात. त्यातले बारीक तेवढे गाळून घ्यायचे आणि मानवी मूलपेशींशी, म्हणजे ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी वाढवता येतात अशा पेशींशी, एकजीव करायचे. मग खुणेचं ते औषध घालायचं. लाखो पेशी मरतात, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वाचतात. ज्यांना ते गुणसूत्र मिळालं, त्याच या. वाटेत गुणसूत्र तुटलेलंही असू शकतं, म्हणून प्रत्येक वसाहत तपासावी लागते.

आता हाती दोन मूलपेशी आल्या. एकीत ४६ गुणसूत्रं, दुसरीत ४७, बाकी सगळं तेच. दोन्हींपासून चेतापेशी, म्हणजे मेंदूत असतात तशा पेशी, वाढवायच्या. एकविसाव्यावर एपीपी नावाचं जनुक आहे. त्याची तिसरी प्रत असल्यामुळे डाऊन सिंड्रोम असलेल्यांना अल्झायमर लवकर गाठतो. त्याची सुरुवात या पेशींत पाहता येते.

ताई, बशीतली पेशी म्हणजे तुमचा मुलगा नव्हे. यातून उद्याच औषध मिळेल, असं मी सांगणार नाही. पण त्याची टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली नसेल तर या आठवड्यात करून घ्या. अशा जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. थायरॉइड दरवर्षी तपासा, कान आणि डोळेही. आणि आता त्याला पुढे आणून बसवा, मागून त्याला पडदा दिसत नाहीये.