उसळणारी पिकअप आणि सुटणारं क्रूझ

मंडळी, विषय जाहीर झालाय जुन्या पिकअपच्या क्रूझ कंट्रोलचा, म्हणजे पाय न लावता ठरवलेला वेग धरून ठेवणाऱ्या यंत्राचा. तरी सुरुवात इंजिनापासून करतो, कारण क्रूझची तक्रार घेऊन आलेल्या गाडीत पुष्कळदा क्रूझ निर्दोष असतं. नव्वदच्या दशकातली किंवा त्याआधीची पिकअप डोळ्यांसमोर आणा: पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, केबलवर चालणारा थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप. रस्ता सपाट, वेग ताशी ऐंशी-नव्वद, पाय अगदी स्थिर. तरी गाडी दर दोन-चार सेकंदांनी पुढे ओढते, ढिली पडते, पुन्हा ओढते. हे सर्जिंग. क्रूझ लावलं की ते वाढतं, नाहीतर क्रूझच सुटतं, म्हणजे आपोआप बंद पडतं. मग मालक म्हणतो, मॉड्यूल, म्हणजे क्रूझचा इलेक्ट्रॉनिक डबा, बदला.

मॉड्यूलला हात सगळ्यात शेवटी लावायचा, हे मी आज तुमच्या गळी उतरवणार आहे. या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण अशा गाड्यांत दोन्हींचे धागे बहुतेक वेळा दोनच ठिकाणी पोचतात: इंजिनाचा व्हॅक्यूम (हवा ओढताना आत तयार होणारी पोकळी, जुनं क्रूझ तिच्याच जोरावर थ्रॉटल ओढतं) आणि ब्रेक पेडलवरचा स्विच.

तसं क्रूझचा जन्मच सर्जिंगमधून झालाय! राल्फ टीटर हे अमेरिकन इंजिनिअर लहानपणीच अंध झाले होते. पिस्टन रिंग बनवणाऱ्या कंपनीचे ते प्रमुख. त्यांचे वकील गाडी चालवताना बोलायला लागले की वेग कमी करायचे आणि ऐकायला लागले की वाढवायचे, असं सांगतात. शेजारी बसलेल्या टीटरांना ते हिसके असह्य झाले आणि वेग धरून ठेवणारं यंत्र बनवायचं त्यांनी मनावर घेतलं. 1950 मध्ये पेटंट मिळालं, 1958 मध्ये क्रायस्लरने ते गाडीत दिलं. म्हणजे हे यंत्र पायाची धरसोड घालवायला आलं. इंजिनाची धरसोड त्याला घालवता येत नाही. उलट इंजिन ढिलं पडलं की ते थ्रॉटल ओढतं, इंजिन सावरलं की सोडतं, आणि हेलकावा मोठा होतो.

म्हणून पहिली चाचणी फुकटची आहे. क्रूझचं मेन बटण बंद करा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने पाय स्थिर ठेवून चालवा. हेलकावे गेले, तर दोष क्रूझमध्ये. राहिले, तर क्रूझला विसरा. दुसरी चाचणी मागे गाडी नसताना करायची. ॲक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेक पेडलला इतकाच स्पर्श करा की ब्रेकचे दिवे लागतील, पण ब्रेक धरणार नाही. बहुतेक गाड्यांत यामुळे टॉर्क कन्व्हर्टरचं लॉकअप (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना घट्ट जोडणारी पकड) सुटतं आणि आरपीएम दोन-तीनशेने चढतो. उसळणं तिथेच थांबलं, तर लॉकअप लागतंय-सुटतंय. आता लगेच गिअरबॉक्स उतरवू नका! आधी थ्रॉटल किती उघडलाय ते काँप्युटरला सांगणारा थ्रॉटल पोझिशन सेन्सर पाहा. पाय वर्षानुवर्षं एकाच जागी राहतो, त्यामुळे सेन्सरची आतली पट्टी नेमकी क्रूझच्या वेगाजवळ झिजते. काँप्युटरला वाटतं पाय हलला, आणि तो लॉकअप सोडतो. इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून सेन्सरची सिग्नलची तार मोजा. थ्रॉटल मिटलेला असताना साधारण अर्धा ते एक व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या आसपास. मधला प्रवास अगदी सावकाश करायचा आणि मीटर काट्याचा घ्यायचा. काट्याची उडी डोळ्याला दिसते, आकड्यांच्या मीटरवर ती निसटते.

आता माझ्या जिव्हाळ्याची तक्रार. स्कॅनरवर 'मिश्रण लीन' (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असा कोड आला की एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. त्या सेन्सरने खरी साक्ष दिली आणि आपण साक्षीदारालाच हाकलला! मिश्रण लीन होतं तेव्हा कुठून तरी न मोजलेली हवा शिरत असते, नाहीतर पेट्रोल कमी पडत असतं. नवा सेन्सरही तेच सांगणार. त्याऐवजी मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांना, व्हॅक्यूम गेज लावा. निरोगी इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि रेस न देता, पाऱ्याचे 17 ते 21 इंच दाखवतं आणि काटा स्थिर राहतो. समुद्रसपाटीपासून दर तीनशे मीटरला साधारण एक इंच वजा धरा. काटा स्थिर पण खाली असेल तर गळती शोधा, मात्र ठिणगीचं टायमिंग मागे पडलं असलं तरी काटा असाच दिसतो, तेही तपासा. 2500 आरपीएमवर धरल्यावर काटा हळूहळू उतरत गेला तर सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदलाय. 1996 पासूनच्या अमेरिकी गाड्यांत स्कॅनरवर फ्युएल ट्रिम दिसतो, म्हणजे काँप्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय तो आकडा. आयडलला अधिक दहा टक्क्यांच्या वर आणि रेस दिल्यावर शून्याजवळ आला, तर व्हॅक्यूमची गळती. रेसबरोबर वाढत गेला, तर पेट्रोलचं प्रेशर, फिल्टर किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर.

गळती शोधताना पीसीव्ही व्हॉल्व्हखालचं (इंजिनाच्या पोटातली वाफ परत मॅनिफोल्डमध्ये ओढणारा व्हॉल्व्ह) रबरी वळण जरूर हाताने दाबा. वरून ते धडधाकट दिसतं. खालच्या बाजूला तेलाने भिजून रबर चिखलासारखं मऊ झालेलं असतं, वाकवलं की चीर तोंड उघडते. ब्रेक बूस्टरची होस, इनटेक गॅस्केट आणि क्रूझच्या व्हॅक्यूम टाकीकडे जाणारी बारीक नळी हीही ठिकाणं बघा. गरम एक्झॉस्टवर कार्ब क्लीनर मारून गळती शोधू नका, भडका उडतो. स्मोक टेस्ट करा, म्हणजे नळ्यांत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहा. ईजीआरचा व्हॉल्व्ह (थोडा एक्झॉस्टचा धूर परत इंजिनात सोडणारा) व्हॅक्यूमवर चालणारा असेल, तर त्याची नळी काढून, टोक बंद करून एक फेरी मारा. सर्जिंग गेलं तर गुन्हेगार सापडला. नळी मात्र परत जोडा.

संयोजक घड्याळ दाखवताहेत आणि जाहीर केलेलं क्रूझ अजून राहिलंय. भराभर सांगतो. क्रूझ लागतच नसेल तर आधी ब्रेकचे दिवे पाहा. बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये मॉड्यूलला ब्रेकच्या बल्बच्या तारेतून अर्थिंग मिळतं. बल्ब गेले किंवा तिथे एलईडी बसवले की क्रूझ लागत नाही. खड्ड्यात सुटत असेल, तर पेडलचा स्विच जागेवर नीट बसवा. तोच स्विच लॉकअपही सोडवतो. फक्त चढावर ढिलं पडत असेल, तर व्हॅक्यूम टाकीचा चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) बघा, कारण चढावर थ्रॉटल उघडा राहतो, मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम घसरतो आणि टाकी असते ती त्याच वेळेसाठी. हातपंपाने सर्व्होच्या (थ्रॉटलची केबल ओढणारा डबा) डायफ्रामला 15 इंच व्हॅक्यूम द्या, मिनिटभर टिकला पाहिजे. पेडलजवळचा व्हॅक्यूम सोडणारा व्हॉल्व्हही तसाच तपासा. क्रूझची केबल फार ढिली असेल तर वेग पुढेमागे झुलतो, फार ताणलेली असेल तर आयडल चढतो. स्पीडोमीटरचा काटा थरथरत असेल तर आधी स्पीडोमीटरची केबल किंवा स्पीड सेन्सर. मॉड्यूलचा नंबर या सगळ्यानंतर.

जाता जाता, फोर्डवाल्यांनी थांबून ऐकावं. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरवरच्या क्रूझ बंद करणाऱ्या स्विचमुळे आग लागण्याच्या धोक्यापायी सप्टेंबर 2005 मध्ये सुमारे 38 लाख पिकअप आणि एसयूव्ही परत बोलावल्या गेल्या. त्या स्विचला इंजिन बंद असतानाही करंट असतो. त्या काळातली गाडी असेल तर चासी नंबरवरून दुरुस्ती झाली का ते विचारा. कनेक्टर काढल्यावर आत ब्रेक ऑइल दिसलं तर तो परत जोडू नका, आणि स्विच बदलेपर्यंत क्रूझ वापरायचं नाही.