स्क्रीन बंद, काम चालू

(दृश्य : सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. टॉवेलचा कारखाना. माग एकदम थांबतात.)

वीज गेली. मागांचा खडखडाट थांबला, पण ऑफिसातला लॅपटॉप अजून कामात आहे. डिझाइनच्या फायली मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून व्यापाऱ्याकडे चालल्यात. दोन तास तरी लागतील. समोर कुणी नाही, तरी स्क्रीन लख्ख पेटलेली.

बॅटरी खातो तो हाच उजेड. 15.6 इंची एलसीडी स्क्रीन पूर्ण ब्राइटनेसवर साधारण 4 ते 5 वॅट ओढते. धरा, हलक्या कामात सगळा लॅपटॉप 9 वॅट घेतो आणि बॅटरी 45 वॅट-तासांची आहे. म्हणजे 5 तास. स्क्रीनचे 4 वॅट वजा केले की तीच बॅटरी 9 तास जाते.

(दृश्य : अंधारी खोली. काळा स्क्रीनसेव्हर.)

काळा वॉलपेपर लावून हे साधत नाही. एलसीडीच्या मागचा दिवा जळतच असतो, काळा रंग त्याला फक्त अडवतो. नीट बघा, कडेला करडी झाक दिसतेय. खरोखर बंद झालेली स्क्रीन ठार काळी असते. ओएलईडी स्क्रीनची गोष्ट वेगळी, तिला मागचा दिवाच नसतो, तिथे काळ्या रंगानं खरंच वीज वाचते.

विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, मग पॉवर अँड बॅटरी उघडा. बॅटरीवर असताना स्क्रीन 1 मिनिटानं बंद आणि स्लीप, म्हणजे मशीनची झोप, 'नेव्हर' (कधीच नाही) असं ठेवा. घोटाळा इथेच होतो. स्लीप लागली की स्क्रीनबरोबर कामही थांबतं, आणि तासाभरानं बघावं तर अपलोड 12 टक्क्यांवरच. काम झालं की स्लीपची वेळ आठवणीनं पूर्ववत करा, नाहीतर लॅपटॉप रिकामाच जागा राहून बॅटरी संपवतो.

काही नव्या मॉडेलांत स्क्रीन बंद होताच मशीन झोपेकडे वळतं. म्हणून आधी तपासा : अपलोडचा टक्का लिहून ठेवा, स्क्रीन बंद होऊ द्या, पाच मिनिटांनी पुन्हा बघा. टक्का पुढे गेला असेल तरच भरवसा ठेवा.

स्क्रीन बंदच होत नसेल तर ब्राउझरमध्ये व्हिडिओ किंवा मीटिंग चालू आहे का ते बघा. माउस टॉवेलवर ठेवलेला असेल तर तोही उचला. कापडावर त्याचा सेन्सर उगाच हालचाल टिपतो.

(दृश्य : लॅपटॉप उलटा. तळाच्या जाळीत सुताचे तंतू.)

मागाजवळच्या लॅपटॉपची ही जाळी पंधरा दिवसांनी मऊ ब्रशनं साफ करा. तंतू साचले की पंखा जोरात फिरतो आणि वाचवलेली वीज तिकडे जाते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 40 च्या वर असताना तर लॅपटॉप चादरीवर मुळीच ठेवू नका. तळाची हवा कोंडते, आणि उष्णतेनं लिथियम बॅटरी कायमची कमजोर होते.

स्क्रीन जागी करायला शिफ्टची कळ दाबा, फायलीत काही टाइप होत नाही. पॉवर बटणाला हात लावू नका. ते काही सेकंद दाबलं गेलं तर लॅपटॉपच बंद पडतो, आणि अपलोड पुन्हा पहिल्यापासून.