ओल्या रानात तहानलेला ऊस
(सांगलीतल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बोलायला लागण्याआधी एक काम उरकतो. टेबलावर या दोन वाट्या आहेत. एकीत नळाचं पाणी, दुसरीत तेवढंच पाणी आणि तीन चमचे मीठ. दोन्हींत बटाट्याच्या पातळ चकत्या सोडतोय. पाऊण तासानं बघू. पाठ्यपुस्तकात या प्रयोगाला बेदाणे घेतात, आणि तासगाव इथून हाकेच्या अंतरावर असताना मी बटाटा आणला म्हणून कुणी रागावेल. पण वाळलेल्या बेदाण्यातल्या पेशी मेलेल्या असतात. मला आज जिवंत पेशी हवी आहे.

मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. प्रद्रव्यपटल, परासरण, सूत्री विभाजन, सगळं फळ्यावर लिहून दिलं, मुलांनी पाठ केलं, मार्क पडले. ते मला स्वतःला नीट कळलं आमच्या चुलत्यांच्या रानात. वाळवा तालुक्यात, नदीकडेचं काळं रान. एके काळी तिथला ऊस बघायला लोक यायचे. मग बारमाही पाणी, पाटानं मोकाट सोडलेलं, आणि निचरा कुठंच नाही. उन्हाळ्यात रानावर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसायला लागली. उसाचे शेंडे करपले. तात्या मला बांधावर घेऊन गेले, ढेकूळ उचलून हातात चुरलं आणि म्हणाले, "बघ की मास्तर, माती ओली हाय. मग ह्यो ऊस पाण्याबिगर मेल्यागत का दिसतोय?"

मी म्हणालो, "तात्या, माती ओली आहे, पण ऊस तहानलेलाच आहे."

पेशीभोवतीचं पटल म्हणजे स्निग्ध पदार्थाचा दुपदरी पडदा. जाडी ७ ते १० नॅनोमीटर. एक मिलिमीटर भरायला असे लाखभर पडदे एकावर एक रचावे लागतील. या पडद्यातून पाणी थोडंफार झिरपतं, पण खरी ये-जा होते ती प्रथिनांच्या नळ्यांमधून. त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. एका नळीतून सेकंदाला अब्जावधी पाण्याचे रेणू जातात. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मिठाला मात्र या नळीतून प्रवेश नाही. त्याची दारं वेगळी, त्यांवर पहारा वेगळा, आणि बऱ्याच वेळा त्याला आत घ्यायला किंवा बाहेर काढायला पेशीला ऊर्जा मोजावी लागते.

म्हणून पाणी वाहतं ते विरघळलेल्या पदार्थांच्या ओढीनं. जिकडे क्षार, साखर जास्त, तिकडे पाणी. हेच ते परासरण. एरवी मुळाच्या पेशीतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी आत येतं. तात्यांच्या रानात खालची पाणीपातळी वर आली, त्या पाण्यानं खोलातले क्षार केशाकर्षणानं, म्हणजे मातीच्या बारीक फटींतून वर चढत, वर आणले, उन्हानं पाणी उडालं, क्षार वरच राहिले. आता बाहेरचं पाणीच दाट झालं. मुळाला पाणी ओढणं जड जातं, आणि क्षार फारच वाढले तर आतलंच पाणी बाहेर निघतं, पटल पेशीच्या बाहेरच्या भिंतीपासून, म्हणजे भित्तिकेपासून, सुटतं. त्याला आपण रससंकोच म्हणतो.

आता मुळाच्या टोकाकडे जरा जवळून बघू. कांदा ग्लासच्या तोंडावर बसवा, बूड पाण्याला टेकेल असा. तीन-चार दिवसांत मुळं सुटतात. शेवटचे दोन मिलिमीटर कापून, ॲसिटोकार्मिननं रंगवून, काचपट्टीवर अंगठ्यानं दाबलं की सूक्ष्मदर्शकाखाली सूत्री विभाजनाची, म्हणजे एका पेशीच्या दोन होण्याची, जत्रा दिसते. एका पेशीत गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी, शेजारच्या पेशीत दोन्ही टोकांना खेचली गेलेली. कांद्यात ती १६ असतात, आणि दोन्ही नव्या पेशींना सोळा-सोळाच मिळतात. तो तास मला कायम आवडला. पण एक गोष्ट मी कितीतरी वर्षं मुलांना सांगितलीच नाही. नुसत्या विभाजनानं मूळ लांब होत नाही. एकाच्या दोन झाल्या तरी जागा तेवढीच, खोलीत मधे भिंत घातल्यासारखी. टोकाच्या जरा मागे त्या पेशी पाणी पितात, आतली पाण्याची पिशवी, म्हणजे रिक्तिका, फुगते, तो दाब भित्तिकेला ताणतो आणि पेशी दहा-दहा पट लांब होते. मूळ पुढं सरकतं ते त्या दाबानं. रान खारट झालं की ताणणं आधी अडतं, मग हळूहळू विभाजनही मंदावतं. तात्यांच्या उसाची कांडी आखूड का राहिली, याचं उत्तर इथं आहे.

त्यांना कुणीतरी कसलीशी महागडी पावडर विकली होती. पोती ओतली, फरक शून्य. चोपण जमिनीत जिप्सम कामाचं, कारण ते चिकटून बसलेला सोडियम सोडवतं. पण सुटलेलं मीठ जाणार कुठं? निचरा नसेल तर तिथंच घोळत राहणार. शेवटी छिद्रांचे पाइप जमिनीखाली टाकले, सच्छिद्र निचरा म्हणतात तो, आणि गोड्या पाण्यानं रान धुतलं. दोन-तीन हंगाम गेले.

पाणी मिठामागं जातं, हाच नियम उलटा वापरला तर जीव वाचतो. २०१९च्या पुरात सांगलीत घरोघरी जी पाकिटं फिरली, त्या जलसंजीवनीत साखर आणि मीठ एकत्र का? आतड्याच्या पेशीत एक दार असं आहे की ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आले तरच उघडतं. दोघं आत गेले की पाणी मागोमाग. कॉलऱ्यातही हे दार चालू राहतं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना सलाइन संपायला आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पिंपांतून वाटलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चारच्याही खाली आलं.

चला, वाट्या बघू. बाळा, तू ये पुढं. साध्या पाण्यातली चकती वाकव. मोडली ना? कट्कन. आता खारी. बघा, बोटाभोवती गुंडाळली तरी मोडत नाही, ओल्या चामड्यासारखी. काय म्हणतोस, परत साध्या पाण्यात टाकली तर ताठ होईल? पटल जिवंत असेल तर होईल. घरी ने, आणि सोबत उकडलेल्या बटाट्याची एक चकतीही टाक दुसऱ्या वाटीत. ती रात्रभर ठेवलीस तरी ताठ व्हायची नाही.