पळस्प्यापासून सुराबायापर्यंत

(दृश्य : पळस्पे फाटा, सकाळची रहदारी)

पनवेल सोडलं की पळस्पे फाटा लागतो. इथून एक रस्ता पुण्याला जातो, एक गोव्याला. गणपतीत कोकणात निघालेल्या गाड्या इथे तासन् तास खोळंबतात. याच पळस्प्यावर मे १८७९ मध्ये दौलतराव नाईक रामोशी यांच्या टोळीने छापा घातला होता. इंग्रजांविरुद्ध लढायला पैसा उभा करायचा होता. दौलतरावांचे म्होरके होते वासुदेव बळवंत फडके, इथल्याच शिरढोणचे.

वासुदेव बळवंत पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. १८७६-७७ च्या दुष्काळात त्यांनी माणसं अन्नावाचून मरताना पाहिली आणि बंडाचा निर्धार केला. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले, जन्मठेप झाली आणि त्यांना अरबस्तानच्या किनाऱ्यावरच्या एडन बंदरात धाडलं. तिथून ते एकदा निसटले, पुन्हा धरले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला.

(दृश्य : जुना नकाशा, मुंबई ते एडन)

एडनच का? १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने एडन घेतलं, तेव्हा मोहीम मुंबईहून निघाली होती आणि तिच्यात देशी शिपाई होते. पुढे १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्याखाली चालला. शिरढोणचा माणूस कोंडायला अरबस्तानचा किनारा, आणि तो किनारा राखायला हिंदुस्थानचा शिपाई. साम्राज्य इतकी वर्षं टिकलं ते या व्यवस्थेवर. स्वातंत्र्याच्या गोष्टीत आपण पुढाऱ्यांच्या वाटाघाटी सांगतो, पण हा शिपाई केव्हा आणि कसा फिरला, हे मला त्याहून मोलाचं वाटतं.

(दृश्य : चिरनेर, हुतात्मा स्मारक)

फिरणं सोपं नव्हतं. २५ सप्टेंबर १९३०. उरण तालुक्यातल्या चिरनेरजवळ अक्कादेवीच्या रानात आगरी, कातकरी, कोळी जंगलाचा कायदा मोडायला जमले. सरकारने रानावर घातलेली बंदी त्यांच्या रोजच्या जगण्यावरच आली होती. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. नाग्या महादू कातकरी, धाकू गवत्या फोफेरकर आणि आणखी सहा जण गेले. त्याच दिवशी मामलेदार जोशी यांचाही जीव गेला. हुकूम परक्या राज्याचा होता. तो अमलात आणायला आलेले बहुतेक आपलेच होते.

(दृश्य : मुंबई बंदर, जुनी छायाचित्रं)

आता १९४६. १८ फेब्रुवारीला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावरच्या खलाशांनी संप पुकारला. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, हे निमित्त. दोन-तीन दिवसांत तो कराचीपर्यंत पसरला. ठाण्यातल्या 'अकबर' तळावरचे खलाशीही त्यात उतरले. जहाजांवर काँग्रेस, मुस्लीम लीग आणि कम्युनिस्ट असे तीन झेंडे एकत्र चढले.

त्यांच्या मागण्यांमध्ये जेवण होतं, पगार होता, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती. आणि आणखी एक मागणी होती : इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलवा.

इंडोनेशियाने १७ ऑगस्ट १९४५ रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. डचांना ती वसाहत परत हवी होती, आणि ते पोचेपर्यंत तिथे उतरलं ते ब्रिटिश सैन्य. त्यातले बहुसंख्य सैनिक हिंदी. नोव्हेंबर १९४५ मध्ये सुराबाया शहरात भीषण लढाई झाली. १० नोव्हेंबर हा इंडोनेशियात आजही वीरांचा दिवस म्हणून पाळतात. आपले जवान परक्यासाठी तिसऱ्याच देशाचं स्वातंत्र्य चिरडत होते. काहींना ते सोसवलं नाही, ते इंडोनेशियनांना जाऊन मिळाले. तिकडे सिडनी बंदरात भारतीय खलाशांनी डच जहाजांवर काम करायला नकार दिला. आणि मुंबई-ठाण्याच्या तळांवरच्या विशी-बाविशीतल्या पोरांनी स्वतःच्या ताटाच्या तक्रारीशेजारी या लोकांचा प्रश्न मांडला. या सगळ्या इतिहासात मला याहून उदार असं काही सापडलेलं नाही.

२२ फेब्रुवारीला गिरणी कामगार रस्त्यावर आले. त्या दिवसांत मुंबईतल्या गोळीबारांत दोनशेहून अधिक माणसं मेली. वल्लभभाईंनी समजूत घातली आणि २३ तारखेला खलाशांनी शस्त्रं खाली ठेवली.

संप सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये कॅबिनेट मिशनची, म्हणजे सत्तांतराच्या वाटाघाटींसाठी हिंदुस्थानात मंत्री पाठवण्याची, घोषणा झाली होती. तो निर्णय आधीपासून शिजत होता, त्यामुळे संपाने राज्य घालवलं असं मी म्हणणार नाही. पण हिंदी फौजेच्या भरवशावर आता राहता येत नाही, हे लंडनला कळून चुकलं होतं.

हा आधार सुटल्यावर पुढचं भराभर घडलं. जानेवारी १९४८ मध्ये ब्रह्मदेश, फेब्रुवारीत सिलोन. २७ डिसेंबर १९४९ रोजी डचांनी इंडोनेशियावरची सत्ता सोडली. १९५७ मध्ये घाना, १९६० या एका वर्षात आफ्रिकेतले सतरा देश, आणि सशस्त्र लढ्यानंतर नोव्हेंबर १९६७ मध्ये एडन.

संपानंतर बडतर्फ झालेल्या खलाशांना मात्र स्वतंत्र भारताच्या नौदलाने परत घेतलं नाही. पाकिस्ताननेही नाही. ज्यांनी दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी आपली नोकरी पणाला लावली, त्यांना आपल्याच स्वातंत्र्यात जागा मिळाली नाही. हा अन्याय होता, आणि तो आपण केला.